इकडे पाच फूट, तिकडे काही इंच: बफेलो, नोव्हेंबर २०१४

१८ नोव्हेंबर २०१४, मंगळवार. सकाळी उजाडल्यावर अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाला असलेल्या बफेलो शहराच्या मध्यवस्तीतल्या उंच इमारतींमधून दक्षिणेकडे पाहणाऱ्यांना ढगांची एक भिंत दिसत होती. एरी सरोवरावरून आलेली, करड्या-पांढऱ्या रंगाची आणि कडेला सुरीने कापल्यासारखी सरळ. भिंतीच्या अलीकडे आभाळ बरंचसं मोकळं होतं. पलीकडे, दक्षिण बफेलो, लॅकवाना, वेस्ट सेनेका, हॅम्बर्ग, लँकेस्टर या भागांत तासाला तीन-तीन, कधी पाच-पाच इंच बर्फ पडत होता आणि मधूनच विजा कडाडत होत्या. ती भिंत दिवसभर जवळजवळ जागची हलली नाही.

१७ ते १९ नोव्हेंबर या पहिल्या फेरीत बफेलोच्या पूर्वेच्या आणि आग्नेयेच्या उपनगरांत ६५ इंचांपर्यंत, म्हणजे सव्वापाच फुटांहून जास्त बर्फ पडला. १९ च्या रात्री दुसरी फेरी सुरू झाली आणि जवळपास त्याच पट्ट्यावर आणखी एक ते चार फुटांची भर पडली. दोन्ही फेऱ्या मिळून कौल्सव्हिल या गावात ८८ इंचांची नोंद झाली. बफेलोत अख्ख्या हिवाळ्यात सरासरी ९५ इंचांच्या आसपास बर्फ पडतो, हे लक्षात घेतलं की या आकड्यांचं वजन कळतं. आणि या पट्ट्याच्या उत्तरेला काही मैलांवर लोक रोजच्यासारखे गाडीवरचा दोन-चार इंच बर्फ झाडून कामाला जात होते.

हवामानाचा नाद असलेल्या माणसाने लेक-इफेक्ट, म्हणजे थंड हवा उबदार सरोवरावरून जाताना पडणारा बर्फ, समजून घ्यायला एकच प्रकरण निवडायचं ठरवलं, तर मी हे सुचवेन. बफेलोने याहून जीवघेणी वादळं पाहिली आहेत. पण बर्फ किती पडणार यापेक्षा तो कुठे थांबणार हे सांगणं किती अवघड असतं, ते इतकं स्वच्छ दुसऱ्या कुठल्या वादळात दिसत नाही.

मराठी वाचकाला असा फरक नवा नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि पंचवीसेक किलोमीटरवरच्या कुलाब्याला अवघा ७३. कारणं पूर्ण वेगळी, पण ‘मुंबईत किती पाऊस पडला?’ या प्रश्नाला त्या दिवशी जसं एक उत्तर नव्हतं, तसंच ‘बफेलोत किती बर्फ पडला?’ या प्रश्नालाही नव्हतं.

थंडी आली कुठून

गोष्ट सुरू होते पॅसिफिकच्या पश्चिम टोकाला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिथे नुरी नावाचं महाचक्रीवादळ झालं. उत्तरेकडे सरकताना त्याचं उष्णकटिबंधीय रूप गेलं, पण बेरिंग समुद्रावर पोचल्यावर त्याने पुन्हा जोर धरला आणि केंद्रातला दाब ९२४ मिलिबारच्या आसपास उतरला. एवढी मोठी ढवळाढवळ झाली की तिचा धक्का पुढे जेट प्रवाहाला, म्हणजे खूप उंचावरून पूर्वेकडे वाहणाऱ्या जोरदार वाऱ्याच्या पट्ट्याला, बसतो. उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेला तो प्रवाह उत्तरेकडे फुगला आणि पूर्वेला खोल दक्षिणेकडे वाकला. त्या वाकणातून आर्क्टिकची हवा खाली उतरली. १८ नोव्हेंबरच्या सकाळी अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत कुठे ना कुठे पारा गोठणबिंदूच्या खाली होता. हवाईमध्येसुद्धा, अर्थात तिथल्या उंच डोंगरमाथ्यावर.

मोठ्या पटावरची ही मांडणी संगणकावरच्या हवामान मॉडेलांना बरेच दिवस आधी दिसते. नकाशे रोज पाहणाऱ्यांनी बेरिंग समुद्रातलं ते वादळ पाहिलं तेव्हाच आठवड्याभरात पूर्वेला कडाका येणार हे ताडलं होतं. यात विशेष काही नाही. खरा खेळ पुढे आहे.

सरोवराचा वाटा

एरी हे पाच महासरोवरांतलं सर्वांत उथळ. सरासरी खोली १९ मीटर. उथळ पाणी लवकर तापतं आणि लवकर गारठतं, म्हणून भर हिवाळ्यात ते बरंचसं गोठतं आणि मग लेक-इफेक्टचा जोर ओसरतो. नोव्हेंबरात मात्र ते उघडं असतं. त्या आठवड्यात पाण्याचं तापमान सुमारे ८-९ अंश सेल्सियस होतं.

आता दुसरा आकडा बघायचा तो दीड किलोमीटर उंचीवरच्या हवेच्या तापमानाचा, म्हणजे हवामानाच्या नकाशावरच्या ८५० मिलिबारच्या पातळीचा. पाणी आणि ही पातळी यांच्यात १३ अंशांचा फरक पडला की लेक-इफेक्टला वाव मिळतो, हा या क्षेत्रातला पहिला धडा. त्या मंगळवारी हा फरक वीस अंशांच्या पुढे होता. सरोवराला टेकलेली हवा ऊब आणि बाष्प घेऊन झपाट्याने वर चढत होती आणि ढग इतके उंच वाढत होते की त्यांच्यात गडगडाट व्हावा. ढगाचा बराच भाग उणे १२ ते उणे १८ अंशांच्या थरात आला तर बर्फाची फुलं सर्वांत भराभर वाढतात. तेही तेव्हा जुळून आलं होतं.

पण एवढ्याने भिंत उभी राहत नाही. एरी सरोवर नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे लांबट पसरलं आहे, लांबी ३८८ किलोमीटर, आणि बफेलो नेमकं त्याच्या ईशान्य टोकाला बसलं आहे. वारा सरोवराच्या लांबीला समांतर वाहू लागला की त्याला पाण्यावरून जास्तीत जास्त अंतर मिळतं. या अंतराला ‘फेच’ म्हणतात. त्यातच दोन्ही किनाऱ्यांवरची जमीन पाण्यापेक्षा थंड असल्याने दोन्हीकडून वारे पाण्याच्या मध्याकडे येतात, एकमेकांना भिडतात आणि सगळा उठाव एका अरुंद ओळीत गोळा होतो. एरवी अख्ख्या सरोवरावर विखुरले असते ते ढग एकाच बँडमध्ये येतात. पाटाचं सगळं पाणी एकाच वाफ्याला सोडावं, तसा हा बँड किनाऱ्यावरच्या एका चिंचोळ्या पट्टीवर रिकामा होत राहतो.

त्याला मोडणारी मुख्य गोष्ट म्हणजे उंचीबरोबर वाऱ्याची दिशा बदलणं. जमिनीलगतचा वारा आणि तीन किलोमीटरवरचा वारा यांच्या दिशेत तीसेक अंशांहून जास्त फरक पडला तर बँड विस्कटतो. त्या दिवशी खालपासून वरपर्यंत वारा जवळजवळ एकाच रेषेत होता, आणि तोही तासन् तास.

पाळत

बफेलोच्या विमानतळावर राष्ट्रीय हवामान सेवेचं कार्यालय आहे. तिथून दिवसातून दोनदा, सकाळी सात आणि संध्याकाळी सातच्या सुमाराला नोंदीत येईल अशा बेताने, हवामानाचा फुगा सुटतो. हौशी मंडळी त्याच्या आलेखाची वाट पाहत बसतात. बाष्पाचा थर किती जाड आहे, वरचं झाकण (ढगांची वाढ अडवणारा उबदार थर) कुठे बसलं आहे, वाऱ्याचे काटे एका दिशेत आहेत का, हे त्या एका आलेखात वाचता येतं. पुढच्या तासांसाठी त्यांचं आवडतं साधन म्हणजे बफकिट. मॉडेलमधून एका ठिकाणची उभी हवा तासातासाने उलगडून दाखवणारा हा प्रोग्रॅम बफेलोच्याच कार्यालयातल्या एड महोनी आणि टॉम निझिऑल यांच्या कामातून आला, आणि त्याचं मूळ कारण लेक-इफेक्टच होतं. हे मला फार मोलाचं वाटतं. ज्यांच्या दारात ही भिंत दर हिवाळ्यात उभी राहते, त्यांनीच तिला वाचायचं साधन घडवलं आणि मग ते देशभर पोचलं.

२०१४ च्या त्या हंगामात आणखी एक नवं आयुध हाताशी आलं होतं. एचआरआरआर हे तीन किलोमीटर जाळीचं (म्हणजे तीन-तीन किलोमीटरच्या चौकोनांत हवेचा हिशेब करणारं), दर तासाला नव्याने चालणारं मॉडेल सप्टेंबर अखेरीस अधिकृत वापरात आलं होतं. बारा-तेरा किलोमीटरच्या जाळीत एवढा चिंचोळा बँड नीट मावत नाही, तो पसरट आणि फिका दिसतो. तीन किलोमीटरच्या जाळीत तो बँडसारखा दिसतो. पण दिसला म्हणजे जागेवर दिसला असं नाही, आणि पाळत ठेवणाऱ्यांची खरी परीक्षा इथेच असते.

वारा नैर्ऋत्येचा असला की बँड बफेलोवर आणि उत्तरेच्या उपनगरांवर येतो. वारा थोडा पश्चिमेकडे वळला की बँड दक्षिणेला सरकतो. सरोवराच्या वरच्या अंगाला सुरू होऊन एवढं अंतर कापून आलेल्या रेषेला दहा अंशांचा फरक म्हणजे टोकाशी कित्येक किलोमीटरचा फरक. वाऱ्याच्या दिशेचा अंदाज दहा अंशांच्या आत लागला तर एरवी त्याला उत्तमच म्हटलं जातं. इथे त्याच दहा अंशांत पाच फूट आणि काही इंच दोन्ही बसतात.

१७ च्या संध्याकाळी बँड जमला, किनाऱ्यावर आला आणि रात्रीत दक्षिणेच्या उपनगरांवर जाऊन बसला. बँड एरवीही तासन् तास टिकतात, पण टिकताना हेलकावतात. उत्तर-दक्षिण झुलत राहिल्याने बर्फ पन्नास किलोमीटरच्या पट्ट्यात वाटला जातो आणि प्रत्येकाच्या वाट्याला फूट-दीड फूट येतो. १८ तारखेला हा झोका जवळजवळ थांबला होता. रडारवर तासामागून तास तीच रेघ. पुढच्या दिवसांत सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न ‘इतका बर्फ कसा?’ असा होता. माझ्या मते खरा विचारण्यासारखा प्रश्न होता ‘हललं का नाही?’

फळीवरचा बर्फ

आता थोडं मोजणीबद्दल. इथे मला रमायला होतं, कारण रडार बर्फाची उंची सांगत नाही. ती कुणीतरी घराबाहेर जाऊन मोजावी लागते.

अमेरिकेत हे काम १८९० पासून चालत आलेल्या सहकारी निरीक्षकांच्या जाळ्यातून होतं, आणि त्याला १९९८ मध्ये कोलोरॅडोत सुरू झालेल्या कोकोराझ या स्वयंसेवकांच्या जाळ्याची जोड मिळाली आहे. तेही एका चटक्यातून जन्मलं. जुलै १९९७ मध्ये फोर्ट कॉलिन्स शहराच्या एका भागात भयानक पाऊस कोसळला, दुसऱ्या भागात किरकोळ, आणि मोजायला पुरेशी माणसं नव्हती. पेन्शनर, शिक्षक, शाळकरी मुलं, कुणीही यात येऊ शकतं. चार इंच व्यासाचं प्लास्टिकचं मापक घ्यायचं, शिकून घ्यायचं आणि रोज सकाळी नोंद करायची. शून्य असलं तरी शून्य लिहायचं.

बर्फासाठी लागते एक फळी. साधारण सव्वा-दीड फुटाची चौकोनी प्लायवूडची, पांढरा रंग दिलेली, कारण गडद फळी उन्हाने तापते आणि खालचा बर्फ वितळतो. ती झाडांपासून, भिंतींपासून लांब उघड्यावर ठेवायची आणि शेजारी काठी रोवायची, नाहीतर दोन फूट बर्फाखाली फळी सापडणार कशी? पट्टी उभी घालून इंचाच्या दहाव्या भागापर्यंत वाचायचं. वाऱ्याने बर्फ ढिगारला असेल तर दहा जागी मोजून सरासरी काढायची. मग फळी पुसायची आणि नव्या बर्फावर पुन्हा ठेवायची.

हे पुसणं किती वेळा करायचं याला कडक नियम आहे. सहा तासांतून एकदा, दिवसात चारच वेळा. ताजा बर्फ स्वतःच्या वजनाने दबत जातो. दर तासाला मोजून बेरीज केली तर तोच बर्फ कागदावर जास्त भरतो. जानेवारी १९९७ मध्ये ऑन्टारिओ सरोवराच्या पूर्वेला टग हिल पठारावरच्या मॉन्टेग्यू गावात चोवीस तासांत ७७ इंच नोंदले गेले होते. अमेरिकेचा विक्रम झाला असता. तपासणी समितीने तो मान्य केला नाही, कारण चारऐवजी सहा मोजण्या झाल्या होत्या. निरीक्षकाच्या प्रामाणिकपणावर कुणाचा संशय नव्हता, आकडा मात्र विक्रमाच्या यादीत गेला नाही. काहींना हा कोरडेपणा वाटतो. मला त्यामुळेच बाकीच्या आकड्यांवर विश्वास ठेवावासा वाटतो.

२०१४ च्या बर्फाचा जो नकाशा आज आपण पाहतो, त्यातल्या एकमेकींना जवळजवळ चिकटलेल्या रेषा अशा मोजण्यांतूनच काढलेल्या आहेत. विमानतळाचं अधिकृत केंद्र एकच. ते बँडच्या उत्तरेच्या कडेजवळ होतं आणि तिथल्या आकड्यावरून दक्षिणेला काय झालं याची कल्पनाही येत नाही. कड कुठून गेली हे कळायला दोन्ही बाजूंच्या अंगणातली माणसं लागतात. ज्याच्याकडे पाच फूट पडला त्याच्याइतकाच ज्याच्याकडे तीन इंच पडला तोही मोलाचा.

जमिनीवर

तेरा जणांचा जीव गेला. काहींना बर्फ उपसताना हृदयविकाराचा झटका आला, काही गाडलेल्या गाड्यांत अडकले. शेकडो छपरं खचली. न्यूयॉर्क थ्रूवे या महामार्गाचा १३२ मैलांचा पट्टा बंद झाला, पण त्याआधीच कित्येक गाड्या त्यावर अडकल्या होत्या. पिट्सबर्गहून सामना खेळून परतणारा नायगारा विद्यापीठाच्या मुलींचा बास्केटबॉल संघ एक दिवसाहून जास्त काळ बसमध्येच होता. बर्फ बाजूला ढकलणाऱ्या नांगरगाड्यांचा एवढ्या उंचीपुढे इलाज चालत नव्हता. लोडरने उचलायचा, ट्रकमध्ये भरायचा आणि दुसरीकडे नेऊन टाकायचा, अशी रीत पडली. ऑर्चर्ड पार्कच्या मैदानात होणारा बफेलो बिल्स आणि जेट्स यांचा अमेरिकन फुटबॉलचा सामना डेट्रॉइटला हलवावा लागला.

अ‍ॅम्हर्स्ट हे उपनगर बँडच्या उत्तरेला राहिलं. बफेलो विद्यापीठाचा मोठा परिसर तिथेच आहे आणि पुण्या-मुंबईहून शिकायला गेलेली मुलंही त्याच बाजूला राहतात. घरच्यांनी बातम्यांत गाडलेली घरं पाहावीत आणि मुलाच्या खिडकीबाहेर रस्ता वाहता असावा, अशी ती परिस्थिती. काळजी खोटी नव्हती. फक्त बातमीत ‘बफेलो’ एवढंच नाव येत होतं.

अंदाज चुकला का?

राज्यपाल अँड्र्यू क्युओमो यांनी त्या आठवड्याअखेरीस, एवढा बर्फ इतक्या वेगाने पडेल याची कुणालाच कल्पना नव्हती, अशा अर्थाचं विधान केलं. हवामानशास्त्रज्ञांनी त्यावर तीव्र नाराजी व्यक्त केली, आणि त्यांची बाजू रास्त होती. बफेलो कार्यालयाने लेक-इफेक्टचे इशारे आधीच दिले होते, तेही फुटांच्या हिशेबाने. इशाऱ्यांत तासाला कित्येक इंचांचा वेग आणि प्रवास अशक्य होण्याची शक्यताही होती.

तरीही प्रश्न उरतो, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. या कार्यालयाच्या इशाऱ्यांत नेहमी एक शब्दप्रयोग येतो: ‘सर्वांत टिकून राहणाऱ्या हिमवर्षावाच्या भागात’ इतके फूट. जाणकाराला यातून कळतं की बँड जिथे ठाण मांडेल तिथेच हा आकडा लागू, बाकीच्यांना कदाचित काहीच नाही. सामान्य माणूस इशारा आपल्या काउंटीसाठी (जिल्ह्यासाठी) आहे एवढंच पाहतो. एरी काउंटीचे अंदाजासाठी उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग केलेले आहेत, पण बँड त्या रेषा पाळत नाही. मागच्या चार इशाऱ्यांत ज्याच्या दारात इंचभरही पडला नाही, तो पाचव्या वेळी मंगळवारी पहाटे कामाला निघतो, आणि भिंत पहिल्यांदा दिसते ती समोरच्या काचेतून. मला वाटतं, चूक शोधायचीच तर ती आकड्यात शोधू नये. आकडा आणि जागा यांची खात्री वेगवेगळी असते, हे लोकांपर्यंत पोचवण्यात कमी पडलं. आणि महामार्ग कधी बंद करायचा हा निर्णय आकड्यावर घ्यायचा की जागा पक्की होईपर्यंत थांबायचं, हे अवघड गणित अंदाज देणाऱ्याच्या हातात नव्हतं.

वितळताना

शनिवारनंतर हवा झपाट्याने उबदार झाली. सोमवार, २४ नोव्हेंबरला तापमान १५ अंशांच्या वर गेलं. आता चिंता पुराची. बफेलो, कॅझेनोव्हिया, कायुगा हे लहान प्रवाह बर्फाच्याच पट्ट्यातून वाहतात. किती फूट बर्फ आहे यापेक्षा त्यात पाणी किती आहे हे महत्त्वाचं झालं, आणि पुन्हा मापक हाती घेतलेल्या माणसांचं काम लागलं. मापकाचं बाहेरचं नळकांडं उलटं धरून बर्फाच्या थरात उभं खुपसायचं, आतला गाभा घरात आणून वितळवायचा आणि पाणी मोजायचं. पाणी चढलं, काही भागांत शिरलंही, पण धास्ती होती तेवढा मोठा पूर आला नाही.

पुढे न्यूयॉर्क राज्याने १२६ स्वयंचलित केंद्रांचं जाळं उभारलं. २०१६ मध्ये नवा उपग्रह वर गेला आणि भिंतीची चित्रं पंधरा मिनिटांऐवजी पाच मिनिटांनी मिळू लागली. १७ ते २० नोव्हेंबर २०२२ ला जवळपास तोच पट्टा पुन्हा सापडला: हॅम्बर्गला ८१.२ इंच, ऑर्चर्ड पार्कला ८०. त्या वेळी इशारे लवकर आले, अवजड वाहनांना आधीच बंदी झाली, बिल्सचा सामना पुन्हा डेट्रॉइटला गेला. बँडची जागा मात्र आदल्या रात्रीपर्यंत किलोमीटरच्या खात्रीने कुणी सांगू शकत नव्हतं.

तुम्ही किंवा तुमचं कुणी त्या बाजूला राहत असेल, तर नोव्हेंबर-डिसेंबरात रडार उघडल्यावर आधी बँडची उत्तर कड शोधा आणि अर्ध्या तासाने ती कुठे आहे ते पाहा. मग विमानतळावरच्या वाऱ्याची दिशा बघा. वारा पश्चिमेकडे वळत असेल तर कड दक्षिणेला उतरते आहे, नैर्ऋत्येकडे वळत असेल तर उत्तरेला चढते आहे. दोन्ही जागच्या जागी असतील आणि तुम्ही कडेच्या आत असाल, तर गाडी बाहेर काढू नका.